तब्येतीचं माप

मी विमलबाईंचा माप घ्यायचा टेप बोलतोय. पिवळा, साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. माझे सुरुवातीचे आकडे आता पुसत आलेत. मात्र ते ब्लाऊज शिवून पुसले नाहीत. त्यांच्या मुलानं, प्रशांतनं, घामेजल्या दंडाभोवती मला गुंडाळून गुंडाळून ते पुसले.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला ठाऊक नाही. आठवतं ते नगरच्या कापड बाजारातलं दुकान आणि तिथला खिळा. त्यावर आम्ही वीस-पंचवीस टेप लोंबकळत होतो. एकोणीसशे एक्क्याण्णव साल असेल. विमलबाई आल्या, मला दोन्ही हातांत धरून ओढून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, “ह्यो ताणत तर न्हाई ना? माझा पहिला टेप ताणला अन् चार बायांचं ब्लाऊज ढगळ झालं.”

मी ताणलो नाही. त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि सावेडीला घरी नेलं.

घर म्हणजे बंगल्यांच्या ओळीमागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि भिंतीवर बुद्धाची नि बाबासाहेबांची तसबीर. विमलबाईंचे मालक, त्यांचं नावच कारभारी, एका शाळेत शिपाई होते. माणसं मूळची काष्टीकडची. मुलं दोन. थोरला प्रशांत, धाकटी रश्मी.

विमलबाईंच्या गळ्यात असताना माणसांची एक गंमत मला कळली. माप घेताना कुणी नेहमीसारखं उभं राहत नाही. बायका श्वास आत ओढतात, पोट पाठीला लावतात. बंगल्यातल्या एक बाई तर दर वेळी म्हणायच्या, “कमरेला एक इंच कमीच लिहा हो.” विमलबाई हसून म्हणायच्या, “मी कमी लिहीन, पर शिवान ऐकायची न्हाई. पहिल्याच दिवशी उसवंल.” बाया हसायच्या. तोवर हे सगळं हसण्यावारी होतं.

प्रशांत तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. उंच, सडपातळ. कॉलेजात त्याला ‘काडी’ म्हणायचे. पण अंगानं इतका काटक, की सकाळी सायकल काढली तर दुपारच्या जेवणाला काष्टीला आत्याच्या दारात हजर. साठ-सत्तर किलोमीटर. तिथं पाच भाकरी खाऊन झाडाखाली झोपायचा. लहानपणचा गोवर सोडला तर त्याला कधी दवाखाना दाखवावा लागला नव्हता. निरोगी माणूस म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या दिवसांतल्या प्रशांतकडे बोट दाखवीन. पण त्याला त्या वेळी तसं कुणी म्हणालं नाही. भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, “अरे, काही खातोस की नाही? तब्येत कर जरा.”

त्र्याण्णव साली पोलीस भरती निघाली. छाती एकोणऐंशी सेंटिमीटर लागत होती, आणि फुगवून आणखी पाच. आदल्या दिवशी तो सदरा काढून आईपुढं उभा राहिला. विमलबाईंनी मला त्याच्या छातीभोवती फिरवलं. साडेसत्त्याहत्तर. त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगं आशेनं बघत होतं. त्यांनी मला बोटभर ढिलं सोडलं.

“हाय की रं बरोबर. एकोणऐंशीला टेकलाय.”

दुसऱ्या दिवशी मैदानावर दुसऱ्या टेपनं खरं सांगितलं. दीड सेंटिमीटर कमी. धावायची पाळी येण्याआधीच त्याला बाहेर काढलं. धावण्यात त्याला कुणी गाठलं नसतं.

घरी येऊन तो उंबऱ्यातच उभा राहिला. “आई, काल तू टेप ढिला धरला होतास?”

“व्हय रं,” विमलबाई म्हणाल्या. “तुझं तोंड बघवना मला.”

तो चिडला नाही. पुढं आला, मला त्यांच्या गळ्यातून काढलं आणि खिशात घातलं. “हा आता माझ्याकडं राहू दे. तू दुसरा घे.”

माझा मालक बदलला तो असा.

प्रशांत गोरक्षच्या जिमला जाऊ लागला. ती पत्र्याच्या शेडमध्ये होती. समोरची भिंत पूर्ण आरशाची. गोरक्ष वाईट माणूस नव्हता. पोरांना हाताला धरून शिकवायचा, कुणी खाडा केला तर घरी चौकशीला जायचा. दर रविवारी तो माझ्यानं प्रशांतचं माप घ्यायचा आणि खडूनं पत्र्यावर लिहायचा. दूध, अंडी, भिजवलेले हरभरे. सहा महिन्यांत छाती ऐंशीवर गेली, वर्षानं शहाऐंशीवर. खांदे भरले, मान रुंद झाली. ‘काडी’ हे नाव बंद झालं. रस्त्यात माणसं थांबून म्हणू लागली, “काय तब्येत केलीस राव!”

आपल्याकडं हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो. आजारी माणसाला विचारतात, तब्येत कशी आहे. आणि दंड फुगलेल्याला म्हणतात, तब्येत आहे. प्रशांतला पहिला अर्थ विसरायला झाला तो याच वर्षात.

इथं थांबला असता तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण अठ्ठ्याऐंशीवर आकडा अडकला. तीन रविवार मी तेच सांगितलं. चौथ्या रविवारी गोरक्षनं त्याला कोपऱ्यात नेलं आणि हातात गोळ्यांची पुडी ठेवली.

“जेवण अंगाला लागत नाही तुझ्या. ह्यानं लागंल. मी पण घेतो, बघ माझ्याकडं.”

पुडी झाली, मग सुई आली. आकडा सुटला. नव्वद, ब्याण्णव, शहाण्णव. त्याच्या पाठीवर मोठाले फोड आले. झोप उडाली. एकदा भाकरी गार म्हणून त्यानं ताट भिंतीवर मारलं. रश्मी रडायला लागली, तर तिच्यावरच धावून गेला. कारभारी मध्ये पडले. “प्रशांत, अरे ती बहीण हाय तुझी! तुला झालंय तरी काय?” त्यानं उचललेला हात खाली घेतला. 

पंच्याण्णवला पुन्हा भरती आली. या वेळी छाती मोजणारा हवालदार टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “वा! याला म्हणतात तब्येत.” मग धावायला सोडलं. सोळाशे मीटर. मी त्याच्या पॅंटच्या खिशात होतो. दुसऱ्या फेरीत त्याच्या छातीचा भाता वाजू लागला. तिसऱ्या फेरीत त्याच्या दोन्ही बाजूंनी किरकोळ पोरं पुढं निघून गेली. काष्टीपर्यंत सायकल मारणारा प्रशांत मैदानाच्या कडेला गुडघे धरून बसला आणि ओकला.

मला वाटलं, आता हा शहाणा होईल. घरी आल्यावर कारभारींनी विचारलं, “काय झालं?” तर हा म्हणाला, “बाबा, छाती मोजणारा काय म्हणाला माहितीय? याला म्हणतात तब्येत.” धावण्याचं त्यानं शेवटी एका वाक्यात सांगितलं. हवालदाराचं वाक्य मात्र त्या दिवशी तीनदा सांगितलं.

नोकरीचा नाद सुटला. आता ध्यास होता शरीरसौष्ठव स्पर्धेचा. शहाण्णवच्या डिसेंबरात ‘सावेडी श्री’ ठरली होती. नोव्हेंबरात गोरक्षनं दोन्ही दंड मोजले. उजवा साडेसोळा इंच, डावा सोळा. अर्धा इंच म्हणजे माझ्या अंगावरच्या चार बारीक रेघांची जागा. प्रशांत रोज मला डाव्या दंडाला गुंडाळायचा, आवळायचा, सैल करायचा. आकडा हलत नव्हता. आरशापुढं उभा राहिला की त्याला बाकीचं सगळं अंग दिसेनासं व्हायचं. फक्त तो डावा दंड दिसायचा.

“पंच आधी तेच बघत्यात,” गोरक्ष म्हणाला. “तेलाची सुई असती. जिथं टोचशील तिथं फुगतं. महिनाभर राहतं. तुला महिनाच पायजे ना?”

प्रशांतनं डाव्या दंडात तेल टोचून घेतलं. दहा दिवसांत चार वेळा. मी सोळा सांगितलं, सव्वासोळा सांगितलं, साडेसोळा सांगितलं. त्यानं मला ओठांना लावलं. मी खोटं बोललो नव्हतो. आत काय आहे ते मला कळत नाही. मी फक्त वरून फिरतो.

स्पर्धेला चार दिवस उरले आणि मी साडेसतरा सांगितलं. मग अठरा. दंड लाल झाला, तापला. त्यानं आईला सांगितलं नाही. अंगावर चादर घेऊन पडून राहिला. विमलबाई कपाळाला हात लावायला गेल्या तर चटका बसला. चादर काढली आणि त्यांनी कारभारींना हाक मारली. कारभारींनी शेजारचा टेम्पो बोलावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी दंड कोपरापासून वरपर्यंत उघडला. पू काढला, सडलेलं मांस काढलं. हात वाचला एवढंच. तीन दिवसांनी डॉक्टर रक्ताचे कागद घेऊन आले आणि विमलबाईंना म्हणाले, “हा मुलगा कधीपासून आजारी आहे?”

“आजारी?” विमलबाई म्हणाल्या. “आजारी न्हाई वो, पैलवान हाय त्यो.”

डॉक्टरांनी त्यांना खाली बसवलं. मग समजावून सांगितलं. त्या गोळ्या-सुयांनी दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त खराब झाली होती. मीठ बंद, गोळ्या बंद, सुया बंद, वजन उचलणं कायमचं बंद. “हे एका महिन्यात होत नाही,” ते म्हणाले. “घरात कुणाला दिसलं कसं नाही?” दिसत होतं ते इतकंच, की पोरगं रोज वाढतंय. आईला पोरगं वाढताना आनंदच होतो.

गोरक्ष एकदा भेटायला आला. डझनभर केळी घेऊन दारातच उभा राहिला. कारभारी म्हणाले, “काय केलंस रे माझ्या पोराचं?” गोरक्षचे डोळे भरले होते. पण तो म्हणाला, “मी पण घेतो काका. मला तर काय झालं न्हाई.” तो खरंच गोंधळला होता. त्याच्या स्वतःच्या आत काय चाललंय ते त्याला अजून कळलं नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष प्रशांतनं घरात काढलं. गोळ्या सुटल्या तसं अंग ओसरलं. डावा दंड नऊ इंचांवर आला, वर लांब आत ओढलेला व्रण. मे महिन्याच्या नगरच्या उन्हात तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसायचा. कुणी आलं की आतल्या खोलीत जायचा. डॉक्टरांच्या औषधांच्या वेळा तो विसरायचा, पण रविवार विसरायचा नाही. रविवारी दार लावून मला काढायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये रश्मीचं लग्न ठरलं. आठ दिवस आधी तो आईजवळ आला. “आई, माझ्या सदऱ्याच्या डाव्या बाहीत आतून फोम लाव. दोन्ही दंड सारखे दिसले पाहिजेत.”

“न्हाई शिवनार मी असलं.”

“मग मी लग्नात येत नाही.”

रश्मी मशीनपाशी बसली होती. ती म्हणाली, “दादा, तू आहेस तसा ये ना. मला भाऊ पाहिजे, दंड नको.”

“तुला नको असेल,” तो म्हणाला. “लोकांना पाहिजे.”

विमलबाईंनी शेवटी शिवलं. त्याच दंडाला त्यांनी मला गुंडाळलं तेव्हा त्यांची बोटं व्रणावर थांबली. फोमचे थर एकावर एक ठेवताना त्या दोनदा उठून आत गेल्या आणि तोंड धुऊन आल्या.

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना सुरू असताना तो पुढं उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात. गेल्या पंधरा दिवसांत त्याचा चेहरा भरला होता. गालांवर गोलाई आली होती, हाताची बोटं गुबगुबीत दिसत होती. पायात चपला चढत नव्हत्या. विमलबाईंना डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, सूज दिसली की लगेच घेऊन या. लग्नाच्या धावपळीत त्यांनी चार दिवस मागितले होते, देवाकडं नव्हे, स्वतःकडंच.

जेवणाच्या पंगतीत काष्टीच्या आत्यांनी प्रशांतचे दोन्ही गाल धरले. “आरं वा! लई वाळला हुतास म्हनं. पर आता कशी तब्येत भरली माझ्या लेकराची!” मग मामा तेच म्हणाले. शेजारचे म्हणाले. नवरदेवाकडचे एक जण म्हणाले, “पैलवान दिसता.”

मी प्रशांतला दीड वर्षात प्रथमच मोठ्यानं हसताना पाहिलं. पलीकडं वाढता वाढता विमलबाई थांबल्या. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. पोरगं हसत होतं. त्याच्या त्या हसण्यावर डॉक्टरांचं सांगणं घालायला त्यांची जीभ वळली नाही.

काल शनिवारी पाहुणे गेले. त्या म्हणाल्या, “प्रशांत, उद्या न्हाई तर परवा दवाखान्यात जाऊ. ही सूज हाय रं बाबा. पानी हाय अंगात.”

“एवढे लोक काय वेडे आहेत?” तो म्हणाला. “तुला माझं चांगलं झालेलं दिसतच नाही. मी परवापासून जिमला चाललोय. गोरक्षला निरोप दिलाय.”

कारभारी ओरडले. विमलबाई पाया पडल्या, आपल्याच पोराच्या. त्यानं त्यांना उठवलं, डोळे पुसले आणि म्हणाला, “रडू नको. तब्येत झाली की बघ मग.”

आता मी त्याच्या पिशवीत आहे. टॉवेल, मनगटाचे पट्टे, पाण्याची बाटली आणि मी. माझं आयुष्य संपत आलंय आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की त्यानं आयुष्यभर मलाच विचारलं. बाबांनो, तुमच्या घरात कुणी मला आवळून उभं असेल, तर त्याला माझ्या आकड्याविषयी विचारू नका. त्याला विचारा, जिना चढताना दम लागतो का. झोप लागते का. अंघोळ झाल्यावर आरशाकडं न बघता सदरा घालता येतो का. प्रशांतला हे विचारणारं कुणी भेटलं नाही, आणि मला तोंड नव्हतं.

आज रविवार आहे. पिशवी दारामागच्या खुंटीला टांगली आहे. सोमवार उद्या आहे.