मर्लीनच्या प्रवचनाची परीक्षा

मला एका जागी बसता येत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. आता पन्नाशी उलटली तरी ती सुटलेली नाही, आणि नोकरी नेमकी मिळाली ती तासन्‌तास बसून दुसऱ्यांचं ऐकण्याची. इथे अमेरिकेत, ओकलंडच्या टेकडीवर एक सेमिनरी आहे. पुढे पाद्री होणारी मंडळी तिथे धर्मशास्त्र शिकतात. त्यांना मी हिंदू आणि बौद्ध धर्म शिकवते.

शेवटच्या वर्षी त्यांची प्रवचनाची परीक्षा असते. विद्यार्थ्याने वर्गात उभं राहून प्रवचन करायचं आणि समोर बसलेल्या तीन परीक्षकांनी गुण द्यायचे. एक परीक्षक बाहेरच्या विषयाचा लागतो, तो मान यंदा माझ्या गळ्यात पडला. दुसरे विभागप्रमुख लिंडग्रेन. माणूस सज्जन, त्यांचा चढलेला आवाज अजून कुणी ऐकलेला नाही. तिसरी खुर्ची इतकी वर्षं प्रोफेसर टिबेट यांची होती. ते कृष्णवर्णीयांच्या चर्चचा अभ्यास हा विषय शिकवत. तो विषय सेमिनरीला आपणहून सुचलेला नव्हता. जुन्या पिढीतल्या काळ्या विद्यार्थ्यांनी ऑफिससमोर ठिय्या दिला, तेव्हा कुठे तो सुरू झाला. टिबेट मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. तो विषय आता सगळ्याच विषयांत मिसळला आहे, असं लिंडग्रेन सांगतात. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, हे कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. टिबेट यांच्या खुर्चीवर त्या दिवशी इतिहास शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका बसली होती.

परीक्षा होती मर्लीन बूकरची. चाळिशीची बाई. दिवसा डायलिसिस सेंटरमध्ये नोकरी आणि रिचमंडमधल्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या चर्चमध्ये सहायक पाद्री. तिथले म्हातारे पाद्री अंथरुणाला खिळले होते. मर्लीन पास झाली की चर्च तिच्या हाती येणार होतं, आणि तिची माणसं त्याचीच वाट बघत होती.

विहिरीजवळ पोचूनही तहानलेल्या माणसांबद्दल ती बोलू लागली. दोन वाक्यं बोलली आणि थांबली. आमच्याकडे बघत राहिली. आम्हीही शहाण्यासारखे, पेन हातात धरून, तिच्याकडे बघत राहिलो. ती पुढे बोलली, पुन्हा थांबली. दर वेळी थांबणं लांबत गेलं. तिच्या कपाळावर घाम आला. टेबलाखाली माझा पाय हलायला लागला. बाई पाठांतर विसरली, असंच मला वाटलं. ‘ओघ’ या रकान्यात मी पाचापैकी दोन दिले. बाकी दोघांचंही मत तेच होतं. मर्लीन नापास झाली आणि महिन्याभराने पुन्हा परीक्षा ठरली.

बाहेर मी तिला विचारलं, “तयारी कमी पडली का?”

 ती म्हणाली, “प्रोफेसर, रविवारी आमच्या चर्चला या.”

गिरीश, माझा नवरा, म्हणाला, “यार शैलजा, संडेला तरी घरी बस. तुला आपल्या गणपतीच्या आरतीला यायला टाइम नसतो.” तेही खरंच होतं. मी गाडी काढली आणि फ्रीमाँटहून थेट रिचमंड गाठलं.

मर्लीनने तेच प्रवचन केलं. त्याच शब्दांवर थांबली. पण इथे त्या थांबण्यात माणसं बोलली. कुणी “वेल” म्हणालं, कुणी “सांग, सांग.” पहिल्या रांगेत पांढरी हॅट घातलेल्या एक आजी होत्या, सिस्टर ओडेसा. त्या म्हणाल्या, “टेक युअर टाइम, बेबी.” त्या उत्तरावर पाय ठेवून मर्लीनचं पुढचं वाक्य वर चढत होतं. शेवटी तर प्रवचन कोण करतंय आणि ऐकतंय कोण, तेच कळेना. माझे पाय त्या दिवशी जागेवर होते.

लहानपणी कोल्हापुरात शाळेच्या मैदानावर पोवाडे ऐकले होते. शाहिराच्या मागे झील धरणारे उभे असायचे. शाहीर दम घ्यायला थांबला की त्यांचं ‘जी जी रं जी’ उठायचं. आम्ही काय केलं होतं, तर झीलकऱ्यांना घरी पाठवून शाहिराला एकट्याला उभं केलं आणि वर म्हटलं, पोवाड्यात ओघ नाही. मला लाज वाटली. मग राग आला, आणि तो लाजेपेक्षा जास्त टिकला.

सोमवारी सकाळी मी लिंडग्रेनच्या दारात उभी होते. बसा म्हणाले, मी बसले नाही.

“मर्लीनची परीक्षा तिच्या चर्चमध्ये घ्या. नाहीतर तिच्या माणसांना इथे येऊ द्या.”

“शैलजा, सगळ्यांना एकसारखी परिस्थिती द्यायला हवी,” ते शांतपणे म्हणाले. “नाहीतर इतरांवर अन्याय होईल.”

“ती परिस्थिती इतरांच्याच मापाने शिवलेली आहे.”

“मी कमिटीपुढे ठेवतो. कमिटी पुढच्या सत्रात बसेल.”

“टिबेट असते तर हे झालं नसतं.”

“टिबेट होते तेव्हाही परीक्षा याच खोलीत व्हायची,” ते म्हणाले.

“मग तेव्हाचे विद्यार्थी पास कसे व्हायचे?”

लिंडग्रेन जरा आठवायला लागले. “टिबेट मध्ये मध्ये काहीतरी बोलायचे. आमेन वगैरे. आम्हाला सुरुवातीला त्रास व्हायचा. पुढे सवय झाली.”

एक माणूस निवृत्त झाला आणि त्याच्याबरोबर या खोलीतला एकुलता एक आवाजही गेला, हे त्या सज्जन माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तिथेच ठरवलं. नियमात परीक्षकाने गप्प बसावं असं कुठे लिहिलं होतं? टिबेट बोलायचे, आता मी बोलेन.

मग गाडीत सराव सुरू झाला. कधी बोलायचं, किती मोठ्याने, “वेल” आधी की “आमेन.” गिरीश शेजारी बसून कपाळाला हात लावायचा. “तू फ्रीवेवर आमेन म्हणतेस ना, मला वाटतं ब्रेक फेल झाले.” मर्लीनला मी यातलं काहीच सांगितलं नाही. ऐन वेळी तिला आधार मिळेल, ती खुलेल, असं चित्र मी मनाशी रंगवून ठेवलं होतं.

परीक्षेच्या दिवशी ती निळा सूट घालून आली. तेच प्रवचन. मी पुढे सरकून बसले, श्वास धरला आणि तिच्या पहिल्या थांब्याची वाट बघू लागले.

ती थांबली नाही. वाक्याला वाक्य जोडून ती बोलत गेली, स्वच्छ, एका पट्टीत, बातम्या वाचाव्यात तशी. जिथे सिस्टर ओडेसांचा आवाज उठला होता, तिथेही पुढचं वाक्य आधीच येऊन बसलेलं होतं. दोनदा मी तोंड उघडलं आणि मिटलं. वेळेच्या आत प्रवचन संपलं. लिंडग्रेननी टाळ्या वाजवल्या. “बघा, केवढी सुधारणा,” ते मला म्हणाले. गुणांचा कागद समोर होता. मला तो फाडावासा वाटत होता. पण फाडला असता तर भोगावं तिलाच लागलं असतं, मला नाही.

बाहेर ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत उभी होती.

“पाठ करायला महिना लागला,” ती म्हणाली. “रस्त्याने, कामावर, सगळीकडे न थांबता बोलायचा सराव केला. काल चर्चमध्ये उभी राहिले, तर तिथेही थांबता येईना. प्रार्थनासभा संपल्यावर सिस्टर ओडेसा जवळ आल्या. म्हणाल्या, बेबी, आज आम्हाला बोलायला जागाच ठेवली नाहीस.”

 इतके दिवस गाडीत घोकलेले शब्द होते, त्यातला एकही इथे चालणारा नव्हता.

“ओघात किती दिलेत, प्रोफेसर?” तिने विचारलं.

“पाच.”

“थँक यू,” ती म्हणाली आणि पार्किंगकडे निघून गेली.