मधल्या दिवसांची साक्षीदार

मित्रांनो, जरा हळूच बोलते. वहिनी दुपारच्या पडल्यात, आणि माझी कडी नुसती वाजली तरी त्या दचकून उठतात. त्यांना वाटतं, मास्तर कामाला निघाले. मी एक जुनी लोखंडी अवजारपेटी आहे, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, मास्तरांची. तो माणूस आता नाही. मी मात्र त्याच्या पलंगाखाली तशीच पडून आहे.

एका पत्र्याच्या कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला, निळा रंग फासला आणि दुकानात मांडलं. मास्तर तेव्हा कुणाचेच मास्तर नव्हते, नुकतं मिसरूड फुटलेला, काम शिकणारा उमेदवार होता तो. पहिल्या पगारातून मला घेताना त्याने दुकानदाराला विचारलं, "हिच्यावर बसलं तर मोडणार नाही ना?" आणि खरंच, जन्मभर बसला मेला माझ्यावर! हा शब्द मी लाडाने वापरायचे हो. आता तोंडातून निघाला की माझंच मला कसंसं होतं.

कामाचे दिवस मात्र झकास होते. इमारतीच्या अगदी वर, गच्चीच्याही वर मशीनरूम असते. तिथे मोठं चाक फिरतं, दोर सरकतात, ग्रीसचा वास कोंदलेला असतो. मास्तर मला खाली ठेवायचे, वर बसायचे आणि डोळे मिटून नुसते ऐकायचे. प्रत्येक लिफ्टला त्यांनी नाव दिलं होतं. एक होती रुसूबाई, मनात आलं की दोन मजल्यांच्या मधेच थांबायची. एक होती रडकी. तिचा ब्रेक लागताना असा काही हुंदका यायचा की लहान मुलं आईला चिकटायची. लोक म्हणायचे, "मास्तरांनी हात लावला की लिफ्ट गुमान चालते." असं कुणी म्हटलं की मी आतल्या आत फुलून जायचे. शेवटी पाना माझ्याच पोटातला ना!

या धंद्यात एक रीत आहे, मित्रांनो. ती कुठल्याही कंपनीच्या नियमांत नाही. जुना मेकॅनिक नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्याला तो प्रत्येक लिफ्टची ओळख करून देतो. कोणती कुठे कुरकुरते, कोणत्या दाराला हात जपून लावायचा, सगळं सांगतो. त्याचा पगार नसतो. नोकरी सुटल्यावर, दुसरी सुरू व्हायच्या आधी, मधल्या दिवसांत हे काम गुपचूप उरकायचं. गुपचूप का, तर मशीनरूमच्या दारावरच पाटी असते: बाहेरच्या माणसाला आत आणणाऱ्याची नोकरी जाईल.

मास्तरांनी जुनी कंपनी सोडली. दुसऱ्या कंपनीत पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. त्यांच्या जागी एक बाई आली होती, पदरात दोन लेकरं, नवऱ्याचा पत्ता नाही. मास्तर तिला 'नवी' म्हणायचे. रोज सकाळी मला उचलायचे आणि नवीबरोबर एकेक इमारत पालथी घालायचे. पण त्यांचे पाय सुजायला लागले होते. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. "वय झालं," असं म्हणून हसायचे. रडकीच्या मशीनरूममध्ये मात्र ते माझ्यावर बसले ते उठेचनात. चेहरा मेणासारखा झाला. नवीने त्यांना धरून खाली आणलं आणि रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी, नवी परत कामावर गेल्यावर, मास्तरांना आणि वहिनींना स्पष्ट सांगितलं.

डायलिसिसला पैसा लागतो. जुन्या कंपनीतला कारकून म्हणाला, "तुम्ही तर सोडून गेलात." दुसऱ्या कंपनीतला म्हणाला, "तुम्ही अजून आलातच कुठे?" राहता राहिलं आजारी कामगारांना पैसे देणारं मदत कार्यालय. जन्मभर पगारातून थोडं थोडं कापून तिथेच तर गेलं होतं. वहिनींनी मास्तरांना हाताला धरून तिथे नेलं. आणि काय सांगू, घरातून निघताना मास्तरांनी सवयीने मलाही उचललं! लांबलचक रांग, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर घरघरणारा पंखा. मास्तर मला मांडीवर घेऊन बसले होते.

खिडकीमागे सर्दीने नाक लाल झालेली एक बाई होती. मनाने चांगली होती हो. तिने सगळं वाचलं आणि पुढे वाकून म्हणाली, "काका, नोकरी सुटल्यावर आजार झाला असेल तर मदत बसत नाही. पण जुन्या कंपनीचंच काम करताना झाला असेल, मग पगार मिळो न मिळो, तर बसते. नीट आठवून सांगा. त्या दिवसांत तुम्ही काम करत होतात का? सोबत कुणी होतं?"

वहिनींनी मास्तरांच्या दंडाला चिमटा काढला. मला वाटलं, सुटलो!

"नाही," मास्तर म्हणाले. "मी घरीच होतो. आराम करत होतो."

"मग ही पेटी? हिला तर ताजं ग्रीस लागलंय."

"सवय आहे. हातात काही नसलं की चैन पडत नाही."

बाईने कागद मास्तरांकडे परत सरकवले. मग तिने नाक पुसलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आल्यावर वहिनींचा बांध फुटला. "एवढी ती बाई तोंडात घास देत होती! खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर नवीची नोकरी गेली असती. दोन लेकरं घेऊन कुठे जाईल ती?"

"आणि मी कुठे जाऊ?"

मास्तरांनी सुजलेले पाय पलंगावर घेतले. मग म्हणाले, "आपलं बघू काहीतरी. तिला यातलं काही कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

नवीचे फोन यायचे. मास्तर श्वास सावरून म्हणायचे, "मी मजेत आहे गं. गोळ्या चालू आहेत, नव्या कामात गुंतलोय." बिचारीने खरं मानलं. इकडे वहिनींच्या बांगड्या गेल्या, शिवणयंत्र गेलं. डायलिसिस आठवड्यातून तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा. मास्तरांना सारखे लिफ्टचे आवाज ऐकू यायचे. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही, मित्रांनो. तरी ते भिंतीला कान लावून म्हणायचे, "रडकी आली बघ. दार उघड." वहिनी मुकाट्याने उठून दार उघडायच्या. बाहेर जिना, आणि जिन्यावर कुणी नाही. एका दुपारी त्यांनी असंच दार उघडलं, मागे वळल्या, तर मास्तर गेलेले होते. तेव्हापासून त्यांना दार लावून घेताना भीती वाटते. आणि खोटं कशाला बोलू, रडकीचा तो हुंदका आता मलाही ऐकू येतो.

मग परवा दारात खरंच पावलं वाजली. नवी आली होती, कपड्यांना ग्रीस, कपाळावर घाम. "वहिनी, मास्तर आहेत का? फोन लागत नाही. रडकी पुन्हा रडायला लागली, मला काही केल्या उमगत नाही."

वहिनींनी मास्तर गेल्याचं सांगितलं. मग वहिनींनी शपथ मोडली आणि खिडकीपासून बांगड्यांपर्यंत सगळं ओकून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या नोकरीसाठी गप्प बसले गं ते."

नवी म्हणाली, "माझ्या नोकरीसाठी? अहो वहिनी, मी तर दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगून टाकलं होतं, मास्तर माझ्याबरोबर होते, रडकीच्या मशीनरूममध्ये कोसळले म्हणून. साहेबांनी चार शिव्या घातल्या आणि म्हणाले, पुन्हा असं करू नकोस. बस, एवढंच. मला एकदा विचारायचं तरी! मी त्या खिडकीपाशी येऊन ओरडून सांगितलं असतं."

वहिनी उठल्या, रिकाम्या पलंगापाशी गेल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत का? तिने आधीच सांगितलं होतं हो."

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीला जपायचं असेल तर तेलाचा एक हात पुरतो. माणसाचं तसं नाही. दोन नोकऱ्यांच्या मधे एखाद्याला आजाराने गाठलं, तर तो कुणाचाच नसतो. अशा माणसाची चौकशी करा, "मजेत आहे" म्हणाला तरी घरी जाऊन बघा. त्याला त्या खिडकीपाशी न्या आणि घडलं ते सगळं सांगायला लावा. ती भीक नव्हे, त्याच्याच घामाचं आहे. आणि कुणाच्या भल्यासाठी गप्प बसायचं ठरवलंत, तर आधी त्या माणसाला विचारा.

नवी म्हणते, आता तरी जाऊन सांगू, वहिनींना काही मिळतं का बघू. जातीलही दोघी. पण वहिनी रोज दिवेलागणीला पलंगापाशी उभ्या राहतात आणि तेच वाक्य पुन्हा सांगतात, "तिने आधीच सांगितलं होतं हो." मग थोडा वेळ थांबतात, ते काही म्हणतील म्हणून.