प्रयोगशाळेतलं एकुलतं एक स्टूल

मित्रांनो, मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं एक जुनं लाकडी स्टूल आहे. सुताराने घडवलं तेव्हा आम्ही बारा भावंडं होतो. पुढे "प्रयोग उभ्यानेच करायचे" असा नियम निघाला आणि बाकीची माळ्यावर गेली. माझ्या बैठकीखाली चीर आहे, पण शिपाईमामांनी वरून रंग फासल्यामुळे मी ठणठणीत दिसतं.

मला खाली ठेवलं ते एका विद्यार्थ्यासाठी, ज्याला सगळे कप्तान म्हणतात. त्याच्या पायाला लोखंडी पट्ट्या आहेत, काखेत कुबडी. तो आला की सगळे मला त्याच्याकडे सरकवतात आणि तो मुकाट्याने बसतो.

त्याच्याच वर्गातल्या चिमणी नावाच्या मुलीचं दुखणं मात्र दिसत नाही. तिचे गुडघे आतून ठणकतात. एकदा ती माझ्यावर टेकली, तेव्हा तिची थरथर मला जाणवली. तेवढ्यात सर म्हणाले, "धडधाकट पोरगी तू, तुला कशाला स्टूल?" वर्ग हसला. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या बॅगेतच राहिली. ती पुन्हा कधी बसली नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला. चिमणीला तीन तास उभं राहायचं होतं, आणि नापास झाली तर वर्ष वाया. काचेच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं, खालच्या भांड्यात गुलाबी छटा येताच थांबायचं. पण तिचा हात टेबलाची कडच सोडेना. आता पडते की काय! आणि मला तर जागचं हलता येत नव्हतं.

कप्तान माझ्यावरून उठला आणि त्याने मला कुबडीने तिच्याकडे ढकललं. "बस गं."

"अरे, ते तुझ्यासाठी आहे," सर ओरडले.

"सर, बसलं की मला पट्टी टोचते. मी उभाच बरा. दोन वर्षं झाली, कोणी विचारलंच नाही."

चिमणी बसली. चीर करकरली. धास्तावून मी चारही पाय घट्ट रोवले. तिने चिठ्ठी पुढे केली. सरांनी ती दोनदा वाचली.

"आधी का नाही सांगित..." म्हणता म्हणता ते थांबले. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "अजून कुणाला बसायला हवंय? कारण सांगू नका, नुसता हात वर करा."

मागच्या रांगेतला एक हात हळूच वर गेला. त्या मुलाकडे माझंही कधी लक्ष गेलं नव्हतं. मामा माझं एक भावंड आणायला माळ्याकडे धावले. इकडे गुलाबी छटा आली आणि चिमणीने थेंब वेळेवर थांबवला.

मित्रांनो, माझी चीर अजून कोणी पाहिलेली नाही. माझं राहू द्या. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला नुसतं पाहून अंदाज बांधू नका. त्याला विचारा, आणि तो सांगेल ते खरं माना.