लंगड्याचा फोटो

फोटोवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक कसंही शिरो, बाहेर पडताना त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोत चामखीळ नसे, डोळ्यांखालचं काळं नसे, आणि पुष्कळदा ते स्वतःही नसे. लोक खूश होते. तपासनाक्यावरचे शिपाई काय म्हणत, हे कुणी विचारलं नाही.

अशा माणसाला पन्नाशीत कावळ्यांचं वेड लागलं. या वयात इतरांचे गुडघे धरतात. गिऱ्हाईक खुर्चीवर मान ताठ करून बसलेलं असे आणि हा त्याच्याकडे पाठ करून, मागच्या पत्र्यावरच्या कावळ्यावर कॅमेरा रोखून. कावळ्याला हसा म्हणावं लागत नाही, हे त्याला फार आवडे. शेजारच्या न्हाव्याने नाक मुरडलं, तेव्हा त्याने कावळ्याच्या मानेवरची निळी-जांभळी झाक दाखवली. न्हाव्याने ती निरखून पाहिली आणि केसांसाठी हा रंग कुठे मिळेल ते विचारलं.

लंगड्या नावाचा कावळा मात्र बायकोचा. एका पायाला बोटं नाहीत, पंख विस्कटलेला, चोचीचा टवका उडालेला. रोज सकाळी ओट्याजवळच्या खिडकीत येऊन पावाची कड घेई आणि वर तिच्याशीच भांडे. मुलगी नोकरीला दूर गेल्यापासून सकाळी तिच्याशी बोलणारं तेवढंच एक उरलं होतं. नवरा तर पत्र्यावर डोळे लावून बसलेला. गावात छायाचित्रांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा तिने कधी नव्हे ते काही मागितलं. तिथल्या भिंतीवर तिचा लंगड्या दिसला पाहिजे.

फोटो झकास निघाला. मग फोटोवाला संगणकापुढे बसला आणि हात सवयीने चालू लागला. टवका बुजवला. पंख चापूनचोपून बसवला. दुसऱ्या एका कावळ्याचा पाय उसना आणून जोडला. शेवटी रंगही थोडा उजळला, कारण कुणाला गोरं केल्याशिवाय सोडायचं, हे त्याच्या जिवावर येई.

प्रदर्शनात परीक्षकांनी त्या देखण्या पारव्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. न्हावी म्हणाला, आता कसा माणसात आला.

बायको ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिने सगळी भिंत दोनदा धुंडाळली.

"आपला कुठे लावलाय?"

त्याने बोट दाखवलं.

"हा नाही तो."

"अगं, तोच आहे. जरासा नीट केलाय."

"त्याला काय झालं होतं?"

दोघं घरी आली. बाहेरच्या खोलीत तिचा लग्नातला फोटो होता, त्यानेच काढलेला. त्याच्यापुढे उभी राहून तिने हनुवटीवरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं. फोटोत तो नव्हता.

"यातही मी नाहीच," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाटायचं, माझीच नजर अधू झाली."

फोटोवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बक्षिसाची चौकट त्याने माळ्यावर टाकली.

सकाळी लंगड्या आला. ती विस्कटलेल्या केसांनी त्याच्याशी वाद घालत होती. बाजूला कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"हात लावायचा नाही," मान न वळवता ती म्हणाली.

त्याने लावला नाही. दिवसभर बोटं शिवशिवत होती, तेव्हा ती त्याने मुकाट्याने खिशात ठेवली. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत लग्नातल्या फोटोच्या जागी नवा फोटो लागला. तिने आधी कावळ्याचा पाय पाहिला, मग स्वतःची हनुवटी.

"हं," ती म्हणाली. "आलो दोघं."