पाय लावण्याआधी

खैरुद्दीन परकारने गाडीच्या डिकीतून लॅपटॉपची बॅग उचलली आणि तो तसाच अडकला. ना खाली, ना वर. एक हात डिकीच्या कडेवर, दुसऱ्यात बॅग, आणि चेहऱ्यावर काहीच झालं नसल्याचं हसू. डॉ. शुभ्रा तोवर लिफ्टपर्यंत पोहोचली होती. मागे पावलं वाजेनात म्हणून तिने वळून पाहिलं आणि काय झालं ते तिला तिथूनच कळलं. पाठीचे पेशंट तपासण्यातच तिची निम्मी नोकरी गेली होती.

"उसण भरली," तो म्हणाला. "होईल ठीक. जरा थांबा."

थांबायला वेळ कुठे होता? अबू धाबीतल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर सरकारी समिती बसली होती. पाठदुखीवर डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर यांनी मिळून संशोधन करायचं, त्याला सरकार पैसा देणार, अशी ती योजना होती. मिळून, ही मुख्य अट. एकट्या डॉक्टरला दमडी नाही आणि नुसत्या हातांनी मणके जागेवर आणणाऱ्या कायरोप्रॅक्टरलाही नाही. दोघांनी शेजारीशेजारी उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं. आणि त्यातला मणके जागेवर आणणारा पार्किंगमध्येच कोयत्यासारखा वाकून उभा होता.

शुभ्राला राग आला. राग यायला तिला एरवी फारसं कारण लागत नसे, पण आज चांगलं भक्कम कारण होतं. हा पैसा मिळाला तर मुसफ्फातलं तिचं पाठदुखीचं क्लिनिक चालू राहणार होतं. नाही तर हॉस्पिटल ते बंद करणार होतं. मॅनेजमेंटने तसं गोड शब्दांत कळवून टाकलं होतं. तिथे वेल्डर यायचे, ट्रेलरचे ड्रायव्हर यायचे, गोदामात पेट्या उचलणारे यायचे. ती गोळ्या लिहून द्यायची, ते बरे व्हायचे आणि पुन्हा यायचे. त्यांना नक्की कशाने बरं वाटतं, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं तिला आता सहन होत नव्हतं. म्हणून तर नाक मुरडत का होईना, तिने परकारशी हातमिळवणी केली होती.

हातमिळवणी कसली, भांडणच होतं ते. घरी नवऱ्यापाशी, निनादपाशी, ती त्याला सरळ 'आमचा हाडवैद्य' म्हणायची. प्रस्तावातल्या एकेका शब्दावरून दोघांची जुंपली होती. सगळ्यात मोठा वाद झाला तो तिसऱ्या गटावरून. एका गटाला गोळ्या, दुसऱ्याला परकारचा हात, आणि तिसऱ्या गटाला नुसता खोटा हात लावायचा, उपचार काही करायचा नाही, असा तिचा हट्ट होता. खोट्यानेही तेवढाच गुण आला तर परकारचं पितळ उघडं पडेल, हा त्यातला हेतू तिने फारसा लपवलाही नव्हता. "माणसाचा हात खोटा कसा असेल, मॅडम?" एवढंच त्याने विचारलं होतं आणि शेवटी सही केली होती.

कसंबसं त्याला वर आणलं. दारात समितीच्या ऑफिसातले हमीदभाई उभे होते. फायलींच्या निमित्ताने त्यांच्याशी फोनवर बरेचदा बोलणं झालेलं. श्रीवर्धनचे, त्यामुळे हिंदीतून सुरू झालेलं बोलणं दुसऱ्याच वाक्याला मराठीत यायचं. आत आधीच्यांचं चालू आहे, तोवर इथे बसा, असं सांगून त्यांनी एक रिकामी खोली उघडून दिली. परकारच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले.

बसणं परकारला जमण्यासारखं नव्हतं. तो टेबलावर कोपर टेकून उभा राहिला. शुभ्राने पर्समधली गोळी त्याला दिली. ती लागू पडेपर्यंत समिती उठून जेवायला गेली असती. ती खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. खाली रस्त्यावरच्या गाड्या सरळ रांगेत चालल्या होत्या, त्यांचाही तिला राग आला.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुम्ही पायाळू आहात ना?"

ती जागच्या जागी थांबली. हे आईचं काम. गेल्या थंडीत प्रमिलाबाई तिच्याकडे राहून गेल्या, तेव्हा परकारची बायको अन्वरी दोनदा घरी आली होती. आईच्या पोटात काही म्हणून राहत नाही. सुरमईचं कालवण शिकता शिकता तिने लेकीच्या जन्माची कथा सांगून टाकली असणार.

शुभ्रा जन्मली तेव्हा आधी तिचे पाय बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे कराडच्या त्यांच्या गल्लीत सूर्य पूर्वेला उगवतो तितकं सरळ होतं. शाळेतून आली की दारात कुणी ना कुणी वाकून उभं असायचं. मोठ्यांना चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, असं शिकवणारी आईच तिला दंडाला धरून पुढे करायची. लाव गं पाय. ती लावायची. पैलवान, मास्तर, तालुक्याचा भाऊसाहेब, सगळे तिच्यापुढे पालथे पडायचे आणि उठताना हात जोडायचे. कुणाची उसण खरंच जायची, कुणी पोरीचं मन राखायला जाते म्हणायचं, तिला कधी कळलं नाही. मोठी झाल्यावर तिने हे सगळं मोडून काढलं आणि कुणाला सांगितलं नाही. निनादलाही नाही. अंधश्रद्धेची लाज वाटायची म्हणून नव्हे. तिला ते फार आवडायचं, त्याची लाज वाटायची.

"तुम्ही एवढे शिकलेले," ती म्हणाली. "हे बोलताना काही वाटत नाही?"

"आत्ता पाठीपुढे काहीच वाटत नाही. माझी पाठ मला स्वतःला सोडवता येत नाही. माझं काम तुम्हाला येत नाही. गोळी अजून पोटात पोहोचायचीय. मग उरलं काय?"

तिने दाराकडे पाहिलं. मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि क्लिनिकमधल्या आवाजात विचारू लागली. पायात मुंग्या आहेत का, लघवीला काही त्रास, कुठे बधिर वाटतंय का. त्याला एकेक पाय उचलायला लावला, अंगठा दाबून पाहिला. तोही निमूटपणे उत्तरं देत राहिला. साधी उसण होती, दुसरं काही नव्हतं. एवढी खात्री झाल्यावर तिने त्याला गालिच्यावर पालथं पडायला सांगितलं. तो हळूहळू, शिव्या गिळत, आडवा झाला. शुभ्राने उजवा बूट काढला, मोजाही काढला आणि त्याच्या कमरेवर तळवा टेकवला. दाब दिला नाही. नुसता टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, लहानपणी टेकवायची तसा.

तेवढ्यात दार उघडलं. हमीदभाईंनी तिचा पाय पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला. दार मिटलं. बाहेरून आवाज आला, "त्यांचं खलास झालं. तुम्हाला बोलावलंय."

परकार उठला. आधी गुडघ्यावर, मग टेबल धरून, आणि मग चक्क सरळ.

"गेली," तो म्हणाला.

"खरंच?"

"यल्ला मॅडम, उशीर होतोय."

आत पाच जण होते. मध्यभागी अबाया घातलेल्या एक वयस्क डॉक्टरबाई, त्याच अध्यक्ष. परकार बोलला, सरळ उभा राहून बोलला, आणि शुभ्राचं अर्धं लक्ष पडद्याकडे तर अर्धं त्याच्या कमरेकडे होतं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. खोलीत एसी चांगला गार होता. दुखणं गेलं म्हणून हा सरळ उभा आहे, की पैशासाठी उभा आहे, की तिला वाईट वाटू नये म्हणून? पाठीवर वीस वर्षं काम करून तिला ते ओळखता येत नव्हतं.

शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा काढून शुभ्रालाच विचारलं. पेशंट बरं वाटतं म्हणाला, तर त्याला खरंच बरं वाटतंय की तो तुम्हाला खूश करतोय, हे तुम्ही कसं ओळखणार? या प्रश्नासाठी तिची वेगळी स्लाइड तयार होती. दुखण्याला गुण देण्याची पद्धत, तिचे आलेख, सगळं. तिने ती लावली नाही.

"ओळखता येत नाही," ती म्हणाली. "मला तरी येत नाही. म्हणून तर पैसे मागायला आलोय."

कुणीतरी खोकलं. अध्यक्षबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आभार मानले. निकाल कधी कळेल, हे विचारायचं शुभ्राच्या डोक्यातून निघूनच गेलं.

बाहेर येताच तिने हात कपाळाला लावला. संपलं, असं तिला वाटत होतं. क्लिनिक आपण आपल्याच तोंडाने बंद केलं. लिफ्टपाशी हमीदभाई मागून आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"बाई, पायाळू ना?"

शुभ्राची नजर आपल्या उजव्या बुटाकडे गेली. तेवढ्यावर त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. रमजानच्या आधीपासून त्यांची पाठ धरली होती. बाम झाला, पट्टा झाला, गावाहून तेल मागवून झालं. डॉक्टरकडे गेलं तर आजारी माणूस म्हणून ऑफिसात बोभाटा होणार आणि व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. तेव्हा डॉक्टर नकोच. पाठीच्या फायली इथे ते स्वतःच लावतात, पण त्यातलं काही त्यांना नको होतं. एकदा फक्त पाय. आणि पन्नाशीचा तो माणूस भिंतीला हात टेकून, तिच्याकडे पाठ करून उभाही राहिला.

तिच्या आत ते जुनं सुख हललं. तिला ते स्पष्ट कळलं आणि तिला स्वतःचा संताप आला. तिने पाय उचलला नाही.

"रात्री जाग येते?"

"येते ना. आडवं पडलं की जास्त."

"ताप?"

"संध्याकाळी कणकण असते. ती काय, एसीची."

"बारीक झालात?"

हमीदभाई हसले. बायको व्हिडिओ कॉलवर तेच म्हणते, म्हणाले. शुभ्राने शर्टावरूनच मणक्यांवर अंगठा फिरवत खाली आणला. एका ठिकाणी त्यांनी दातातून श्वास ओढला. तिने पुन्हा तिथेच हलकेच दाबलं, आणि त्यांनी पुन्हा ओढला. परकारही ते पाहत होता. दोघांची नजर भेटली. ही उसण नव्हती, मणक्यातच काही गंभीर असावं, हे त्यांना एकमेकांना सांगावं लागलं नाही.

हॉस्पिटलचं नाव काढलं असतं तर हमीदभाईंनी शुक्रिया म्हणून शर्ट नीट केला असता आणि ते फायलींकडे वळले असते. अशी माणसं ती रोज पाहत होती.

"लावते पाय," ती म्हणाली. "पण आधी एमआरआय. उद्या सकाळी मुसफ्फाला क्लिनिकवर या, तिथून मी पाठवते. ऑफिसात कुणाला कळणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

"पायाला एमआरआय कशाला, बाई?"

"नियम आहे तसा. आतला फोटो पाहिल्याशिवाय पायाळूने पाय लावायचा नसतो. गुण येत नाही."

इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. हमीदभाईंना ते पटलं नाही. त्यांनी परकारकडे पाहिलं. रत्नागिरीचा माणूस, शिवाय आत्ताच डोळ्यांदेखत बरा झालेला.

प्रस्तावातल्या स्वल्पविरामावरूनही हुज्जत घालणारा खैरुद्दीन परकार क्षणभर थांबला.

"बरोबर सांगतायत मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडेही असंच असतं. माझा काढला होता आधी."

हमीदभाई विचारात पडले. भिंतीवरचे हात काढून त्यांनी शर्ट सारखा केला.

"उपाशीपोटी यायचं का?"

पाठीच्या एमआरआयला त्याची काही गरज नसते.

"हो," दोघंही एकदम म्हणाले.