हिवाळ्यातला आकडा

डोंगररस्त्याचं फाटक बंद होतं. हार्डांगरच्या पठारावर वादळ होतं, त्यामुळे बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागून ताफ्यानंच जायचं होतं. आमची गाडी रांगेत सातवी. मागच्या सीटवर माझी सासू गुद्रून, एक्क्याण्णव वर्षांची, न्यूमोनियातून उठून बर्गेनच्या इस्पितळातून घरी निघालेली. थंडी अजिबात लागू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं.

माझा नवरा ऑडवार स्टिअरिंगमागे मांडीवर वही घेऊन बसला होता. आठ वर्षं दर रविवारी तो त्या वहीत लिहीत आलाय, गाडी किती किलोमीटर धावली आणि किती युनिट वीज लागली.

"पलीकडचं चार्जिंग साठ किलोमीटरवर," तो म्हणाला. "हिवाळ्यात आपली गाडी दहा किलोमीटरला एक पूर्णांक नऊ युनिट घेते. म्हणजे साडेअकरा लागतील. बॅटरीत चौदा आहेत. निवांत!"

एरवी हिवाळ्यात गाडी मी चालवते, शाळेत शिकवायला जाते म्हणून. तो बसनं जातो. पहिल्या हिवाळ्यात हा आकडा तीनच्या घरात गेला होता. ऑडवार भांडला नाही, भांडला असता तर परवडलं असतं. रविवारभर तोंड पाडून बसला, चाकांची हवा चार वेळा तपासली आणि म्हणाला, "तूच काहीतरी चुकतेस." सोमवारपासून मी हीटर बंद ठेवला. अंगात लोकरीचे दोन थर, मांडीवर मेंढीचं कातडं. आकडा उतरला, साहेब खूश! इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या सभेत त्यानं आलेख दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुठल्या तोंडानं सांगणार?

फाटकावरचा माणूस एकेका खिडकीशी थांबत आला. "गरम कपडे आहेत? बॅटरी पुरेल? वर बंद पडलात तर मागचे सगळे अडकतील. शंका असेल तर आत्ताच फिरा, खाली एडफ्योर्डला चार्जिंग आहे."

ऑडवारनं वहीच उघडून दाखवली. "आठ वर्षांचे आकडे आहेत."

"बापरे! माझी बायको माझ्यावर अशी वही ठेवत नाही, नशीब माझं," तो हसला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या मानेचा मला अजून राग येतो.

ताफा ताशी वीसच्या वेगानं निघाला. पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडले तर सगळं पांढरं. वारा समोरून, हीटर चालू. बारा किलोमीटरांतच पाच युनिट गेले.

"असं होत नाही," ऑडवार पुटपुटला. "आपल्या गाडीचं असं कधीच होत नाही." त्याचा हात हीटरच्या बटणाकडे गेला. मागे गुद्रून खोकली.

"हात लावू नकोस!" मी ओरडले.

"दहाच मिनिटं! अगं, हिवाळ्यात एवढी वीज लागतच नाही!"

"लागते! मी हीटर लावतच नव्हते. इतकी वर्षं, एकही दिवस नाही. तुझ्या वहीतला आकडा खोटा आहे."

मग मागून गुद्रूनचा आवाज आला. "मला वाटलंच. या बाईची बोटं सदा निळी. अरे, धोक्याचे दिवे लाव आणि थांब. लाज नंतर वाटून घे."

ऑडवारनं दिवे लावले. ताफा थांबला. ताफ्याच्या शेवटची मदतगाडी पुढे आली, त्यात फाटकावरचाच माणूस होता. या वेळी तो हसला नाही. त्यानं गुद्रूनला घोंगडीत गुंडाळून आपल्या उबदार गाडीत नेलं. "तुम्ही दोघं हीटर बंद करून चालवा," तो म्हणाला. "बंद पडलात तर मी ओढतो."

आम्ही पुन्हा निघालो. काही मिनिटांतच ऑडवारचे दात वाजायला लागले.

"रोज असं?"

"रोज."

"मला सांगायची इतकी भीती वाटायची?"

"पहिली दोन वर्षं वाटायची," मी म्हणाले. "मग सवय झाली."

ऑडवार रडायला लागला. काच आतून गोठत होती, त्याला समोरचे दिवे दिसावेत म्हणून मी ती हातमोज्यानं पुसत राहिले.