दोन गळ्यांत दोन बुचं

मित्रांनो, बाटलीचं बूच तुम्ही पाहिलं असेल. मी होडीचं बूच आहे. लाकडी, जुनं, तुमच्या अंगठ्याएवढं. आमच्या होडीच्या तळाला, मागच्या बाजूला, एक भोक आहे. होडी किनाऱ्यावर ओढली की मला उपटायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी वाहून जातं. होडी पाण्यात ढकलायच्या आधी मला परत ठोकून बसवायचं. बास, एवढंच माझं काम. वर्गात ज्याला काहीच येत नाही त्याला खडू आणायला पाठवतात, तसलं.

मला सुतारबाबांनी घडवलं. होडीही त्यांचीच. होडीला अख्खा उन्हाळा गेला आणि मला चहा गार होईपर्यंतचा वेळ. पण तासून झाल्यावर त्यांनी मला उजेडात धरलं आणि बायकोला म्हणाले की सगळ्यांचा जीव आता या पोराच्या हातात. तेव्हापासून मला जरा गर्व आहे.

बाबांचा एक नियम होता. मला सुतळीत ओवायचं आणि जो होडी नेणार त्याच्या गळ्यात घालायचं. ज्याच्या गळ्यात मी, त्याचा शब्द शेवटचा. मला बसवायचं कामही त्यानेच करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

वर्षातून एकदा नवरा-बायको होडीने खाडीवर जायचे. तिथे रस्ता पोचत नाही. एक ताडपत्री, एक भांडं, पाण्याचा कॅन, झाली तयारी. त्यातही बराचसा वेळ बाबांचा चष्मा शोधण्यात जायचा. रात्र काढून सकाळी परत. निघताना बाई सुतळी ओढून विचारायच्या, "कप्तान, शुद्धीवर आहात ना?" ते माझे चांगले दिवस होते.

मग बाई गेल्या. होडी परसात पालथी पडली आणि मी विजेच्या मीटरशेजारी खिळ्यावर. मीटरवाला दर महिन्याला यायचा, माझ्याकडेही एक नजर टाकायचा आणि काही न लिहिता निघून जायचा.

यंदा बाबांना झटका आला. एक हात, एक पाय आणि निम्मं तोंड संपावर गेलं. कधी कधी त्यांचे कपडे ओले व्हायचे आणि त्यांना कळायचंच नाही. झटक्यापेक्षा बाबांना याचीच लाज जास्त. थोरल्या मुलाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चादर बदलायला आल्या की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्या म्हणायच्या, अहो बाबा, त्यात काय एवढं. पण ते भिंतीकडेच बघत राहायचे.

त्यांनी दोन्ही मुलांकडे एकच गोष्ट मागितली. खाडीवर एक रात्र. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर या महिन्यात न्या, पुढचं मी सांगत नाही.

आणि मित्रांनो, तयारी सुरू झाली. थोरला विम्याच्या ऑफिसात होता, म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं हे सांगण्याचाच त्याला पगार. धाकटा खेळाच्या सामानाच्या दुकानात, म्हणजे त्या प्रत्येक वाईटावर त्याच्याकडे काहीतरी विकायला होतं. दोघांनी मिळून दिवाणखाना भरून टाकला. तंबू आला, तंबूला छत्री आली, गॅसची शेगडी, घडीचं टेबल, डास पळवायचं यंत्र, आणि ते यंत्र बंद पडलं तर म्हणून दुसरं यंत्र. खाडीत चिखल असतो म्हणून सगळ्यांना गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बाबांचे पाय सुजलेले, त्यांच्या मापाचे बूटच मिळाले नाहीत. ते आपले चपलांवर.

धाकट्याने फरशीवर खडूने होडी काढली आणि सामान मावतं का ते बघायला सगळे तीत बसले. बाबांची खुर्ची मावेना. तिला तात्पुरतं रेघेबाहेर ठेवलं. मग दोघांनी सामान वाटून घेतलं. तंबू थोरल्याचा, शेगडी धाकट्याची, डबे आणि औषधं वहिनींची. ज्याचं त्याने सांभाळायचं. बाबा सगळ्यांचे होते, म्हणून ते कोणाच्याच वाट्याला आले नाहीत.

भांडण झालं ते माझ्यावरून. थोरला म्हणाला, मी मोठा, बूच माझ्या गळ्यात. धाकटा म्हणाला, इंजिन कोण चालवणार, तुझी पॉलिसी? बाबांनी चालत्या हाताने मला थोरल्याच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने दुकानातून नवं रबरी बूच आणलं, वर स्टीलची कडी, आणि ते स्वतःच्या गळ्यात अडकवलं. त्याला वास टायरचा आणि तोरा मंत्र्याचा. दोन दिवस भाऊ एकमेकांशी भिंतीमार्फत बोलत होते. वहिनी म्हणाल्या, दोन्ही बुचं मला द्या, नाहीतरी नेण्या-आणण्याचं सगळं मीच करतेय. त्यावर दोघं एक झाले आणि नको म्हणाले.

शेवटी बाबांनी चालत्या हाताने लुळा हात उचलून दोन्ही जोडले. जीभ जड झालेली, तरी म्हणाले, "भांडू नका रे. मला फक्त जायचंय."

दोघांच्या माना खाली गेल्या. थोरल्याने मनात ठरवलं, जाऊ दे, बूच धाकट्यालाच लावू दे. धाकट्याने मनात ठरवलं, दादाचा मान दादाला. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांना समजूतदारपणा सुचला आणि दोघांनीही तो एकमेकांना सांगितला नाही.

निघायच्या दिवशी बाबांना मागे, भोकाच्या अगदी जवळ बसवलं. मळमळू नये म्हणून वहिनींनी गोळी दिली होती, त्यांना गुंगी आली. लाइफ जॅकेटं नवी कोरी, खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, सगळ्या सामानाच्या खाली. फोटो काढला. फोटोत दोघांच्या गळ्यात दोन बुचं छान दिसतात. होडी ढकलली.

मी थोरल्याच्या छातीवर लोंबत होतो. त्याला ठोकून ठोकून सांगत होतो, पण लाटेने आपटतोय असंच त्याला वाटत होतं. पाणी आत येत होतं. फळ्यांवर सामानच इतकं की खाली काय चाललंय ते दिसतच नव्हतं. आणि सगळ्यांच्या पायात गुडघाभर बूट.

खाडीच्या तोंडाशी बाबा जागे झाले. त्यांनी खाली बघितलं नाही. हळूच वहिनींना म्हणाले, "पाय ओले झालेत माझे."

वहिनींनी थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने धाकट्याकडे. धाकट्याने समुद्राकडे. मग वहिनी अगदी मायेने म्हणाल्या, "असू दे हो बाबा. पोचल्यावर बदलू."

बाबांनी तोंड फिरवलं. इथे भिंत नव्हती, म्हणून ते पाण्याकडे बघत बसले. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटरीपर्यंत आलं, तरी ते परत काही बोलले नाहीत. लाज वाटणारा माणूस किती गप्प बसू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. होडीने मागून बसकण मारली. ओहोटी होती, पाणी कमरेएवढंच. उभा राहील तो बुडणार नाही, इतकं सोपं. थोरला तंबू डोक्यावर घेऊन उभा राहिला. धाकटा शेगडी घेऊन. वहिनी डबे आणि औषधं. ठरल्याप्रमाणे एकाचीही वस्तू भिजली नाही.

वहिनींनीच विचारलं, "बाबा कुठायत?"

डबे वाहून गेले, शेगडी बुडाली. थोरल्याने तंबू फेकून बुडी मारली तेव्हा मीही त्याच्याबरोबर खाली गेलो. बाबा त्यांच्या जागेवरच होते, भोकाशेजारी. त्यांना ओढून चिखलाच्या काठावर आणलं. तंबू तेवढा तरंगत आला होता, त्यावर निजवलं. धाकट्याने छाती दाबली. बरंच पाणी निघालं. बाबांनी डोळे उघडले. समोर खाडी होती, तीच, पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. थोरल्याला जवळ बोलावलं.

"ते मी नव्हतं ना केलं?"

थोरल्याला आधी कळेचना. मग तो म्हणाला, "नाही बाबा. खाडीचं पाणी होतं. बूच लावायचं राहिलं."

"मग ठीक," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. मासे पकडणाऱ्यांची लाँच येईपर्यंत ते थांबले नाहीत.

आता मी कपाटाच्या खणात असतो, माझ्या शेजारी तो टायरचा वास. भाऊ चांगले बोलतात एकमेकांशी, जरुरीपेक्षा जास्तच चांगले. फक्त खण उघडायचा झाला की दोघं वहिनींना हाक मारतात.

मित्रांनो, मला कोणी बसवलं नाही म्हणून रडगाणं गायला मी आलेलो नाही. विसरणं माणसाच्या हातून होतं. पण पाणी घोट्याच्याही खाली असताना एक माणूस बोलला होता, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कधी म्हणालं की पाय ओले झालेत, तर एकमेकांकडे बघू नका. खाली वाका आणि हात लावून बघा.